पंख्याखालची फेक

मंगळवार, अमरावती

रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या निवड चाचणीत आज माझा हूप पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं, निदान सांगायला कारण असतं.

अकोल्यातल्या आमच्या हॉलचं छत ठेंगणं, त्यात पंखे. दहा वर्षं हूप फेकला तो पंख्याच्या पात्यांखालीच. मोबाईलवर मी जिचे व्हिडिओ बघते ती जर्मन मुलगी हूप पार वर फेकते, खाली दोन गिरक्या घेते आणि मग झेलते. माझी एकच व्हायची. वाटायचं, मोठ्या हॉलमध्ये दुसरी आपोआप जमेल.

आज छत केवढं उंच, पंखा एकही नाही. तरी माझ्या हातानं कोपर वाकवून हूप तेवढाच वर फेकला. एक गिरकी, की हूप हातात. तिन्ही वेळा तसंच. ही कसली सवय लावून घेतली मी?

यादीत नाव नाही. यंदा नाही तर बी.एड., हे घरी ठरलेलंच.

अकोल्याहून, जठारपेठेतल्या घरून आईचा फोन. "काहून रडून राहिली व माय? हूप तं नाई पडला ना?"

नाही पडला, म्हटलं.

मग चाचणीसाठी उतरलेय त्या होस्टेलच्या गच्चीवर जाऊन नुसता हात वर फेकून पाहिला. वर मोकळं आभाळ. कोपर तरी वाकलंच.