वस्तादांची पत्ती

वस्ताद, फार उशिरा लिहितोय, माफ करा. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराकडं बघू नका. तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, पण काही ना काही भीती आडवी येत राहिली.

परवा तुमच्या नातीचं लग्न झालं. सनई मीच वाजवली. काकींना आता दिसत नाही, म्हणून त्यांना माझ्या शेजारीच खुर्ची दिली होती. मी सनई तोंडाला लावली आणि सूर धरला. वाजवून झाल्यावर काकी हळूच म्हणाल्या, "आज लगीच वाजली की रं. पत्ती भिजवाय गप बसला न्हाईस?" मी म्हणालो, "घरातनंच भिजवून आणलीती, काकी." खोटं बोललो. वस्ताद, मी हल्ली सनईच्या तोंडाला प्लॅस्टिकची पत्ती लावतो. ती भिजवावी लागत नाही, चिरत नाही. आवाज मात्र जत्रेतल्या पिपाणीसारखा येतो.

तुमच्या चुलीवरच्या फळीला गवताच्या पत्त्या दोऱ्यात ओवून टांगलेल्या असायच्या, पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून. तुम्ही एकेक काढून पात्यानं तासायचा, ओठांत धरून बघायचा, परत तासायचा. काकी म्हणायच्या, भाकरीला जरा उशीर झाला की बोंबलता आणि त्या काडीला दिवसभर चाटत बसता. तुम्ही हसायचा आणि तासत राहायचा.

तुमच्याकडं शिकत असताना हुपरीतल्या एका लग्नात मी घाईनं कोरडीच पत्ती फुंकली. ती चिरली, सनई शेळीसारखी ओरडली आणि अख्खा मांडव हसला. सनईला दोऱ्यानं अडकवलेल्या बाकीच्या पत्त्याही कोरड्याच होत्या. एकाच्या तोंडातली पत्ती दुसऱ्यानं लावायची नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. तरी तुम्ही आपल्या सनईची ओली पत्ती काढून माझ्या हातात दिलीत. "धर माझी. आन् पत्ती भिजंस्तवर दम काढत जा. तुला कोण हाकलून देतंय व्हय?" पुढं ती तुम्ही कधी मागितली नाहीत. मीही दिली नाही. तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवली. पत्ती वाजत राहिली तरच टिकती, असं तुम्ही म्हणायचा. मी चिरायच्या भीतीनं त्या दिवसानंतर एकदाही वाजवली नाही.

लग्नातनं निघताना काकींनी माझा हात धरला. "ह्येंची पत्ती हाय न्हवं तुझ्यापाशी? श्राद्धाला ये आन् तीच वाजीव. मला आता तेवढंच वळखू येतं." मी व्हय म्हणून आलो.

आज दुपारी डबी उघडली. पत्ती पाण्यात घातली, मग तोंडात धरून बसलो. कितीतरी वेळानं ती जिभेला मऊ लागली. तुमच्याइतका दम काढला, वस्ताद. पण फुंकली नाही. चिरली तर काकींना काय सांगू? आणि वाजली, तर इतकी वर्षं डबीत का ठेवलीस म्हणतील, तेव्हा काय सांगू? पत्ती परत डबीत ठेवली आहे, अजून ओलीच आहे. श्राद्ध आठवड्यावर आलंय. काय करू ते लवकर कळवा.