शंभराच्या आत

२० मार्च २०२५, गुरुवार

तीन-शून्य! काल शिलाँगला फुटबॉलमध्ये आपण मालदीवला हरवलं. वर्षावर लोटलं असेल, भारत जिंकला नव्हता. बाबांनी पट्टीतला पाय विसरून टाळ्या पिटल्या.

आज माझ्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायला कुणी आलं नाही, तेव्हा फिफाच्या जागतिक क्रमवारीचं सूत्र काढून गणित केलं. या एका फ्रेंडलीचे, नुसत्या मैत्रीच्या सामन्याचे, दहा गुण! घरी येऊन बाबांना म्हटलं, "आता १२६ वर आहोत. असे आठ-नऊ फ्रेंडली जिंकले की शंभराच्या आत."

"आठ-नऊच? मग याच वर्षी होतंय की!"

२२ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी पट्टी सोडली. डाव्या पायाची दोन बोटं काळी. साखरेनं. "अभी दो उँगलियाँ हैं. निकाल दें तो पैर बच जाएगा."

बाबा रेल्वे वर्कशॉपच्या टीमचे लेफ्ट-आउट होते, डाव्या बगलेवरून खेळायचे. घरी आले ते थेट देवासमोर बसले. पळीनं हातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. "भारत शंभराच्या आत आला की बोटं देईन. त्याआधी एक नख नाही."

आईला आधी थट्टा वाटली. मग तिचा चेहरा उतरला. आमच्या घरात पाणी सोडून बोललेलं मोडत नाहीत. आजोबांनी काशीला वांगं सोडलं, ते मरेपर्यंत खाल्लं नाही.

ग्वाल्हेरहून चारुताताई फोनवर ओरडली, "आई, वांगं आणि पाय सारखे आहेत का गं?"

आई म्हणाली, "पाणी सारखंच ना."

२५ मार्च, मंगळवार

बांगलादेशाशी ०-०. आशियाई कपाचा पात्रता सामना. बाबा जेवले नाहीत.

३ एप्रिल, गुरुवार

नवी क्रमवारी आली. १२७. जिंकूनही एक खाली!

सूत्र पुन्हा वाचलं. फ्रेंडलीला दहानं गुणायचं असतं. पंचवीस पात्रता सामन्याला. मी फ्रेंडलीला पंचवीस लावले.

मालदीव आपल्याहून कमजोर, म्हणून त्यांना हरवून जेमतेम चार गुण मिळाले. बांगलादेश तर आणखी खाली, त्यांच्याशी बरोबरी केली म्हणून पाच गेले. शंभराव्या नंबरचा संघ आपल्यापुढे नव्वदहून जास्त गुणांनी आहे. चार-पाच, चार-पाच करत वीस फ्रेंडली, एकही न हरता. दोन वर्षं तरी!

लोकांच्या फॉर्ममध्ये मी एक वेलांटी चुकू देत नाही. आणि बाबांनी ज्या आकड्याच्या भरवशावर पाणी सोडलं तो माझा चुकलेला आकडा.

६ एप्रिल, रविवार

सांगितलं.

"पण गोल तीन केले ना?"

"गोल मोजत नाहीत, बाबा. एक काय, तीन काय."

"मग खेळतात कशाला!"

देवाकडे बघून म्हणाले, "पाणी तर सोडलंय. थांबू." माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत. रागवायला हवं होतं.

१९ एप्रिल

पायाला वास येतो. आई उदबत्ती लावते.

१८ मे, रविवार

आता दोन बोटांवर भागणार नाही. पंजा.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. "कौशिक भैया, मैच देखना है कि बाप को?" मार्चात दोन बोटं होती. वजाबाकी मला रोज दिसते.

२९ मे, गुरुवार

४ जूनला थायलंडशी फ्रेंडली. थायलंड ९९ वर. बाबांनी उशीला टेकून पेपर खाली ठेवला. "नव्व्याण्णववाल्याला पाडलं की त्याची जागा आपली."

"तसं नसतं, बाबा. जिंकलो तर सहा गुण. फार तर."

"तू गप रे. तुझं गणित पाहिलंय मी."

हसत म्हणाले. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

४ जून, बुधवार

सकाळी ताप १०३. वॉर्डात दाखल केलं. डॉक्टर: गुडघ्याखालून, आणि दोन दिवसांत. नाहीतर विष वर चढेल. आईनं बाबांचे पाय धरले — दोन्ही! तरी मान हलवत राहिले. "पाणी सोडलंय, अनुसूया."

संध्याकाळी मॅच लावायला सांगितली. मी म्हटलं नेट चालत नाही. जिन्यात जाऊन एकट्यानं पाहिली. ०-२ हरलो. साधारण चार गुण गेले.

जिन्यातच ताईला फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या खरेपणाला बाबांचा किती पाय लागतो रे अजून?"

आत गेलो. म्हटलं, "एक-शून्य. जिंकलो."

५ जून, गुरुवार

दुकान लवकर उघडलं. क्रमवारीचं पान बनवून छापलं. भारत ९९, थायलंड १००. प्रत्येक देशाचं नाव तीनदा तपासलं. एकही चूक नाही.

बाबांनी पान बराच वेळ धरून ठेवलं. आई विचारत होती, "खरंच का हो? आलो का आत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आलो," म्हणाले. आणि डॉक्टरांना, "काट लो, साहब."

आईनं तिथल्या तिथे हात जोडले. नवस फिटला म्हणून रडली.

६ जून, शुक्रवार

झालं. गुडघ्याखालून.

११ जून, बुधवार

काल हाँगकाँगकडून हरलो. पात्रता सामना, म्हणून पंचवीसचा गुणक — चौदा गुण गेले. बाबांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

२ जुलै, बुधवार

घरी आणलं. झोपेतून उठून नसलेला पाय खाजवतात. आई शेजाऱ्यांना सांगते, देवानं ऐकलं.

१० जुलै, गुरुवार

क्रमवारी आली. १३३. दुकानात पाहिली आणि मोबाइल बंद करून ठेवला.

२४ जुलै, गुरुवार

सकाळी अंग पुसताना दिसलं. उजव्या पायाचा अंगठा. काळा.

आई देवळात गेली होती. बाबांनी माझा चेहरा पाहिला आणि खाली बघितलंच नाही. म्हणाले, "थायलंडनं दोन घातले ना? वॉर्डात शेजारच्या खाटेवर पेपर तुझ्या पानाआधी आला होता."

मी पंचा पिळत राहिलो.

"या वेळी छापून आणू नकोस. नुसतं मला विचार, अंगठा देता का."

संध्याकाळ झाली. अजून विचारलेलं नाही.