समजा, मी गेलेच नाही

आई,

काल कॉलेजात मुलींना सिद्धता लिहायला शिकवत होते. फळ्यावर 'मान लीजिए', म्हणजे आपलं 'समजा', लिहिलं तशी पहिल्या बाकावरची एक जण म्हणाली, "मैम, जो गलत है, वही मान लें? अजीब लगता है." मला तुझं स्वयंपाकघर आठवलं.

मी एम.एस्सी.ला होते. तू पोळ्या लाटायचीस आणि मी दारात पाटावर बसून मोठमोठ्याने पाठ करायचे. "समजा, मूळ संख्या संपल्या..." "संपल्या म्हणू नये गं, वाढल्या म्हण," लाटणं न थांबवता तू म्हणालीस. तुझ्या बाजूने सिद्धता तिथेच आटोपली होती. मी हसले, तशी तू खरोखरच चिडलीस. "तिन्हीसांजेला अभद्र बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते." मणिकर्णिका घाटावरच्या चितांचा धूर आपल्या गच्चीवरून जातो. त्या घरात नको ते मानून बघायची चैन कोणाला परवडणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पण तुझी भीती माझ्या हातात उतरली. उलट बाजू गृहीत धरायची वेळ आली की मी आडवळणं घेत सरळ सिद्धता लिहायला बघायचे आणि मध्येच अडकायचे. सरांनी एकदा सगळ्यांसमोर माझा पेपर परत केला. "जिस बात को झूठा साबित करना है, पहले उसे घर में बिठाइए, चाय पिलाइए. खुद ही कहीं फँसेगी." घरात बसवायची सोय नव्हती, म्हणून मी पुस्तकं घेऊन संकठा घाटाच्या पायऱ्यांवर जाऊ लागले. तिथे काय वाटेल ते मानता यायचं. खोट्याचं बोट धरून चालत राहायचं, ते स्वतःचंच बोलणं खोडेपर्यंत सोडायचं नाही. मला त्याचं वेडच लागलं.

मग पुण्याहून संशोधनासाठी बोलावणं आलं. बाबांची उजवी बाजू लुळी पडून तेव्हा थोडेच महिने झाले होते. तू जा म्हणत नव्हतीस, नको म्हणत नव्हतीस. शेवटी एका संध्याकाळी मी घाटावरची युक्ती घरात आणली. म्हटलं, "समजा, मी गेलेच नाही. मग एवढं शिकले कशाला?" मला वाटलं, तू लाटणं टाकशील, माझ्या तोंडावर हात ठेवशील, वास्तूची आठवण देशील. मी वाट बघत उभी राहिले. तू तव्यावरची पोळी उलटलीस आणि म्हणालीस, "जेवायला बस."

मीठ संपलं असंही म्हणू न देणारी तू. माझं ते वाक्य मात्र तू घरात तसंच राहू दिलंस. पुढच्या थंडीत तू गेलीस आणि मी अजून त्या वाक्यात राहते आहे. सरांच्या म्हणण्याप्रमाणे ते कुठेतरी फसायला हवं होतं. ते फसत नाही. सकाळी बाबांची आंघोळ, मग कॉलेज, मग बाबांचं जेवण, औषधं, सगळं एकमेकांत इतकं नीट बसतं की विसंगती म्हणून शोधायला जागाच नाही. मला तुझा राग येतो, आई. तू घाबरली होतीस हे कळतं, तरी येतो.

आज दिवेलागणीला ओट्याशी उभी असताना वाटलं, आता उलटं म्हणून बघावं. वास्तू तथास्तु म्हणतेच ना, मग म्हणू दे. "समजा, मी इथून..." एवढं मोठ्याने म्हणाले आणि मग लक्षात आलं की मी इथून जायचं तर आधी बाबांचं काय व्हावं लागेल. मीच माझ्या तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणालीस गं?" बाबांनी आतून विचारलं.

"काही नाही, बाबा."

हे तुला कुठे पाठवणार! उद्या मुलींना ती सिद्धता पुरी करून दाखवायची आहे. तयारी करायला मी घाटावरच जाईन, घरात करणार नाही. मुलींना सांगणार नाही, पण वास्तू ऐकते असं मलाही वाटतं.