गाण्यात तुमचं नाव

पपा,

बोनिफासकाकांकडून निरोप धाडलात, "पोरीला सांग, नव्या गाण्यात बापाचं नाव घे." लाज नाही वाटली? किन्शासात गाण्यात नाव घेतात ते पाठीशी उभं राहिलेल्याचं. मी बँडमागे नाचायचे म्हणून "चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस" असं ओरडत तुम्ही माझे कपडे रस्त्यावर फेकलेत. आई माझ्यामागोमाग बाहेर पडली, रस्त्यावर मिकातेचे गोड गोळे तळून विकत तिनं मला जगवलं. आणि आता मी गायला लागल्यावर तुम्ही शेजाऱ्यांना सांगताय, "गळा माझ्यावर गेलाय!"

हे पत्र पाठवणार नाही. गाणं पोचेलच. त्यात आईचं नाव आहे. त्यापुढे तुमच्या नावापुरती जागा सोडलीय; तिथे मी गात नाही, नुसती नाचते. रेडिओ मोठा करा, माझे पाय ऐकू येतील.

बिबिश