कंठस्थ

८ जानेवारी, संगमनेर
आलो बुवा एकदाचा! कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम, खिडकीतून प्रवरा, डबा आणून देणाऱ्या चांगुणाबाई. या वयात वाद्यवृंदासाठी चार मिनिटांची रचना करायला कुणी बोलवावं, याचंच अप्रूप. संगीताच्या शुभांगी मॅडमनी विषय दिला: इंटरनेटवरची एक कलाकृती. चित्र नाही, नुसतं काळं पान. जगभरची माणसं त्यात आवाज देतात. यात कला कुठाय, विचारलं. म्हणाल्या, सर, हा प्रश्न पडला ना, तीच.

१० जानेवारी
पानावर मराठीतही लिहिलंय: ‘तुमचं कंठस्थ इथे द्या. दिलेलं परत मिळत नाही.’ शाळाच आठवली! मोबाईलसमोर चिमणीची कविता म्हटली, मग नांगराची. टांग्याची मात्र राखून ठेवली. ती मी आणि माझी बहीण विजया एकेक ओळ वाटून म्हणायचो. ते पुस्तक आता मिळत नाही. विजयाही नाही. तिच्या ओळी, तिचा हेल, माझ्या कंठातच काय तो उरलाय.

१३ जानेवारी
इतरांचे आवाज ऐकले. कविता कुणाचीच नाही. खाकरणं, आवंढे, घशात घोळवलेला बेडका. शी! तरी रचना त्यांचीच करायची, म्हणून बासरीला थुंकीची पिचकारी दिली, चेलोला आवंढा. जेवण जाईना. चांगुणाबाई म्हणाल्या, आबा, कालवण बिघडलंय व्हय? निस्तं गिळताय, घास तर तोंडात न्हाई.

१५ जानेवारी
चिमणीची आठवत नाही. नांगराचीही. पहिला शब्द काढावा, तर जिभेवर कोमट, बुळबुळीत काही येतं. बेसिनमध्ये थुंकलो. त्यात लांब केस, पानाचा लाल चोथा. मी पान खात नाही.
कंठस्थ म्हणजे पाठ, असं आपण समजतो. इंटरनेटवरच्या त्या काळ्या पानाने शब्द जसाच्या तसा घेतला. कंठात होतं ते नेलं. रिकाम्या जागेत दुसऱ्यांचं—

१६ जानेवारी
टांग्याची शाबूत आहे ना, म्हणून मोठ्याने म्हणून पाहिली. सगळी आली, विजयाच्या ओळींसकट. मग खाली पाहिलं. मोबाईलवर ते काळं पान उघडंच—

१७ जानेवारी
तालीम. चेलोने आवंढा वाजवला आणि माझा घसा आपसूक हलला. शुभांगी मॅडम मागे सरकल्या. म्हणाल्या, सर, तोंड मिटा, आत काहीतरी—

१८
विजयाची ओळ. ‘वळणावरती’— पुढे?
वर येतंय. चिकट. गिळलं, तरी पुन्हा—
मी बोलत नाहीये. ओळ ऐकू येतेय. आतून. तिचा हेल नाही. कुणी परका, ओल्या तोंडाचा, तिचे शब्द मचमच चघळून चघ