राखेतले वाल

पुणे, १८ नोव्हेंबर १९८४

आईस दत्तारामचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र नेहमीसारखं वहिनीच्या अक्षरात आलं. बियाण्याचे वाल तिनेच शिजवून संपवले म्हणून तू तिला बोललीस, तेही तिलाच लिहायला लावलंस. आई, ते वाल मी आणले. राख लावून मडक्यात ठेवलेले वाल पेरायचे असतात, हे ठाऊक असून आणले. खोलीवरच्या पोरांना बिरडं खायला घालून मिरवायचं होतं. रोज पानंच्या पानं कथा लिहितो, पण एवढं लिहायला पंधरा दिवस लागले.

भात कापून झालंय, मळ्यात ओल आहे तोवर सोनूबाईकडून बियाणं मागून पेर.

वहिनी, आईला वाचून दाखवताना माझी चूक गाळू नकोस. तू गाळशील, म्हणून सांगतो.

तुमचा,
दत्ताराम