पुढच्या चाकाखालचा काटा

रविवार, ११ जानेवारी १९९८

आज वर्कशॉपवाल्या आण्णांच्या विमानाचं वजन केलं. गेली दोन वर्षं दर रविवारी शिरोलीत त्यांच्या शेडमध्ये ते बनवायला जातोय. टेस्ट झाली की पहिला पॅसेंजर मी, हे ठरलेलं.

तिन्ही चाकांखाली वजनकाटे. दार बंद, फॅन बंद, कारण पंखांना वारं लागलं की वजन चुकतं. आण्णा पुढं बसले, सगळं परफेक्ट. मग मी मागं बसलो आणि पुढच्या चाकाखालचा काटा घसरायलाच लागला. मी श्वास धरून बसलो. श्वास धरून काय वजन कमी होतं? येडाच हाय मी.

मॅन्युअल इंग्लिशमध्ये, म्हणून हिशोब माझ्याकडंच. दोनदा केला. माझ्यामुळं शेपूट जड होतंय, आणि असं विमान हवेत आवरत नाही.

"जेवतोस किती रं लेका?" आण्णा मोठ्यानं हसले. मग हळू म्हणाले, "मागं कोणतरी हलकं बसवाय लागतंय. तुला न्हाय जमायचं. वर गेल्यावर कळण्यापेक्षा हितं कळलं, बरं झालं की."

पटलंय मला. पण मी उतरल्यावर तो पुढचा काटा किती पटकन जागेवर आला! तेच दिसतंय सारखं. कॉलेजात कुणाला सांगू? विमान म्हटलं की हसतात.

घरी आलो तर आई भाकरी थापत होती. "झालं वजन?"

"झालं."

"बरोबर आलं?"

"व्हय," म्हणालो, आणि हातपाय धुवायला गेलो.